बर्फात रिअर-व्हील ड्राइव्ह सेडानची पकड कशी वाढवली: माझा अनुभव

माझी सेडान रिअर-व्हील ड्राइव्ह आहे. इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर असतो आणि गाडी ढकलण्याचे काम मागच्या चाकांकडे, त्यामुळे बर्फ पडला की ज्यांनी ढकलायचे तीच चाके हलकी पडतात. साध्या चढावरसुद्धा एक मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरायचे आणि दुसरे ढिम्म हलायचे नाही. साधे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन मागच्या चाकांत वाटणारी गिअरची रचना, दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. म्हणजे घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलवतो, तेवढाच पकड असलेल्या चाकाच्याही वाट्याला येतो. हे समजल्यावर इंजिनाच्या ताकदीचा विचार मी सोडून दिला आणि रबर बर्फाला जिथे टेकते तिथपासून सुरुवात केली.

सर्वांत मोठा फरक हिवाळी टायरांनी पडला, आणि पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते यावरच करावेत, असे माझे ठाम मत आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर गारठ्यातही नखाने दाबले तर दबते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक टेकताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. खोल खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि तो खालच्या बर्फाला धरतो, कारण बर्फावर बर्फाची पकड रबरापेक्षा चांगली असते. घेताना मी टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह आहे ना, एवढे पाहिले. नुसत्या ‘एम अँड एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर विसंबलो नाही. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फातली पकड झपाट्याने कमी होते, म्हणून ती अधूनमधून मोजतो.

ताकद मागे जाते म्हणून फक्त मागचे दोन टायर बदलावेत, असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण वळणे आणि बहुतांश ब्रेक लावणे पुढच्या चाकांकडेच असते. चारही टायर बदलले, आणि कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप निवडले, कारण अरुंद टायर ताज्या बर्फातून खालच्या थरापर्यंत लवकर पोचतो.

त्यानंतर वजन. डिकीत मागच्या धुरीच्या (दोन्ही मागच्या चाकांमधल्या आसाच्या) शक्य तितक्या जवळ सुमारे ५० किलो वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि पट्ट्यांनी घट्ट आवळल्या. वजन धुरीच्या फार मागे गेले तर वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते, आणि मोकळी पिशवी अपघातात जीवघेणी ठरू शकते. जास्त वजनाने निघणे सोपे होते. थांबणे होत नाही. ती वाळू अडकलेल्या चाकाखाली पसरायलाही उपयोगी पडते. टायरमधील हवा थंड टायरवरच तपासतो, कारण तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब साधारण १ पीएसआयने घटतो.

उरलेले काम पायाचे. दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर अगदी हळू दाबत निघतो. उतारावर एकदम खालचा गिअर टाकत नाही, कारण इंजिनाच्या ब्रेकने मागची चाके घसरू शकतात. मागची बाजू सरकू लागली की अ‍ॅक्सिलरेटर सैल करून जिकडे जायचे तिकडेच नजर आणि स्टिअरिंग ठेवतो. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांचे घसरणे रोखणारी यंत्रणा, एरवी चालूच असते. गाडी रुतली आणि पुढे-मागे झुलवून काढायची असली तरच ते बंद करतो, कारण चाक जागच्या जागी फिरू लागताच ते ताकद तोडते.

एवढे करूनही खडा बर्फाळ चढ आला तर मागच्या चाकांना साखळ्या लावतो आणि वेग ५० किलोमीटरच्या आत ठेवतो. साखळ्या घालण्याचा सराव मात्र कोरड्या जागी, दिवसाउजेडी करून ठेवावा. अंधारात, गोठलेल्या बोटांनी तो पहिल्यांदा जमत नाही.