तुम्ही विचारलंत म्हणून : अजून तारखेला का जाते?

“बाई, कामून जाता अजून? मिळालं का काही?”

एसटीत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात. विचारणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी असतात, भावकी असते, भावजय तर असतेच. कुणाच्या मनात वाईट नसतं. पासष्टीची बाई दीड-दोन महिन्यांनी पहाटे उठून जिल्ह्याला कोर्टात जाते आणि दिवेलागणीला नवी तारीख घेऊन घरी येते, हे बघून माणसाचा जीव तुटणारच. इतके दिवस मी “बघू” म्हणून विषय बदलायची. परवा भाच्यानं विचारलं, “मावशी, सोडून का देत नाहीस?” तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. उद्या एखाद्या टेबलामागं तोच बसलेला असेल. त्याला म्हटलं, तोंडी नको, लिहूनच देते.

आमची जमीन १९९६ साली पाझर तलावात गेली. सव्वादोन एकर, त्यात बांधीव विहीर. सरकारनं ओरबाडून घेतली असं मी म्हणणार नाही. तळं व्हावं म्हणून आमचे दादा, म्हणजे वडील, स्वतः चार माणसं घेऊन तालुक्याला खेटे घालायचे. आमच्याकडं संक्रांत झाली की घागरी घेऊन वणवण सुरू व्हायची. तळं झालं आणि आजूबाजूच्या विहिरींना चैत्रापर्यंत पाणी राहू लागलं. दादांना त्याचा शेवटपर्यंत आनंद होता.

भांडण आहे ते मावेज्याचं, म्हणजे जमिनीच्या मोबदल्याचं. १९९९ च्या निवाड्यात, म्हणजे सरकारनं मोबदला ठरवला त्या कागदात, जमीन जिरायत, नुसत्या पावसावरची, धरली आणि विहीर धरलीच नाही. दादांनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मावेज्यासाठी अर्ज केला. २००८ ला कोर्टानं दर वाढवून दिला, विहिरीचेही पैसे धरले. सरकार अपिलात गेलं. २०१३ ला दादा गेले. वारस लावण्यात दीड वर्ष गेलं. २०१७ ला सरकारचं अपील फेटाळलं, तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून दरखास्त चालू आहे. दरखास्त म्हणजे काय ते तरुण मुलांना ठाऊक नसतं म्हणून सांगते : जो निकाल आपल्या बाजूनं लागलेला आहे, त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा कोर्टाचं दार वाजवायचं.

आता यातली एक गोष्ट नीट ऐका. इतक्या वर्षांत मला कुणी ‘नाही’ म्हणालेलं नाही. एकानंही नाही. साहेब म्हणाले, तुमचं बरोबर आहे. बाबू म्हणाले, प्रस्ताव वर पाठवलाय. सरकारी वकील म्हणाले, आमच्याकडं सूचना आल्या नाहीत, मुदत द्यावी. मतं मागायला आलेल्या प्रत्येक पुढाऱ्यानं पीएला माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं. आणि कागदावर कायम एकच वाक्य : “निधी उपलब्ध होताच रक्कम जमा करण्यात येईल.”

‘नाही’ असं लिहून मिळालं असतं तर मला रस्ता होता. नकाराच्या कागदावर सही असते, तारीख असते, कारण असतं. तो हातात घेऊन वरची पायरी चढता येते. “निधी उपलब्ध होताच” हा कागद घेऊन कुठं जायचं?

२०२२ च्या जूनमध्ये कोर्टानं जप्तीचं वॉरंट काढलं. मावेजा थकला म्हणून सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या जप्त झाल्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरात नेहमी येतात. वाचताना बरं वाटतं. मीही त्या दिवशी कोर्टाच्या बेलिफांच्या मागं सरकारी कार्यालयाचा जिना चढताना थोडी ताठ मानेनं चढले. आत गेलो. मोठे साहेब बैठकीला गेले होते. बेलिफांनी कागद दाखवला आणि यादी करायला घेतली : संगणक चार, लोखंडी कपाटं दोन, खुर्च्या अकरा. दाराजवळच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. निराधार योजनेचे पैसे तीन महिन्यांपासून आले नाहीत म्हणून पासबुक घेऊन आली होती. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. शिपाई तिला म्हणाला, “उठा आजी, खुर्ची जप्त व्हायलीय.” ती उठली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. तिला वाटलं असणार, ही बाई कुणीतरी मोठी अधिकारी आहे.

मला तिथं उभं राहवेना. आमच्या वकील साहेबांनी बाजूला घेऊन समजावलं, की सामान उचलायचं तर टेम्पोचा खर्च आपला, ठेवायची जागा आपली, आणि सगळं विकून तुमच्या रकमेचा दहावा हिस्साही निघणार नाही. तेवढ्यात दुसऱ्या साहेबांनी एक महिन्याची मुदत मागणारं पत्र लिहून आणलं. आम्ही ते घेतलं. मी त्यांना एवढंच म्हणाले, “देणार नसाल तर तसं लिहून द्या.” ते खरंच गोंधळले. “तसं कसं लिहून देता येईल, बाई?” म्हणाले. तो एक महिना अजून संपलेला नाही.

माझ्यापुरतं दुःख मी बाजूला ठेवते. यात तुमचाही पैसा जातोय, तो हिशोब बघा. जुन्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं दर वर्षी १५ टक्के व्याज आहे. म्हणजे एका लाखामागं वर्षाला पंधरा हजार, दहा वर्षांत दीड लाख. मुद्दलापेक्षा व्याज मोठं. फाइल ज्या टेबलावर पडून राहिली, त्या टेबलावरच्या माणसाच्या पगारातून यातला रुपयाही कापला जात नाही. तो तिजोरीतून जातो. खरं तर आपल्या राज्यात २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडं सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल पडून राहू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी ज्या-ज्या कार्यालयात हे कलम दाखवलं, तिथं ते माहीत नाही असं कुणी म्हणालं नाही.

तुम्ही म्हणाल, हे एका तळ्याचं, एका बाईचं. मलाही आधी तसंच वाटायचं. मग पेपर वाचताना लक्षात यायला लागलं, की वरपर्यंत रीत हीच आहे.

मराठवाडा विकास मंडळ बघा. मागं राहिलेल्या भागांना विकासाचा वाटा मिळावा म्हणून १९९४ ला ही मंडळं झाली. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. बंद केलं असं कुठल्याच सरकारनं सांगितलं नाही, फक्त मुदत वाढली नाही. बंद केलं म्हटलं असतं तर मराठवाड्याच्या विकासाकडं खास लक्ष देण्याचं वचन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराची आठवण काढून लोक रस्त्यावर आले असते. जिल्हा परिषदांचं तेच. मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची तर एप्रिल २०२० मध्येच संपली होती. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. इतर मागासवर्गाचं आरक्षण, प्रभागांची रचना, कोर्टातल्या तारखा, असं एकेक कारण येत गेलं आणि प्रशासक बसून राहिले. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका. त्या चार महिन्यांनाही पुढं मुदतवाढ मिळालीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलंय. पत्र्यातून पाऊस गळतो म्हणून सदस्याच्या दारात जाऊन बसता येतं, तो पुन्हा मतं मागायला येणार असतो. प्रशासकाच्या दारात कसं बसणार?

आणि आमदारांच्या अपात्रतेचं प्रकरण. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात ते मला विचारायचं नाही, माझी बाजू मी सांगणार नाही. फक्त तारखा बघा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, सरकार गेलं, दुसरं आलं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं योग्य नव्हतं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळं आधीची स्थिती परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनी ‘वाजवी मुदतीत’ घ्यावा. ती वाजवी मुदत १० जानेवारी २०२४ ला संपली. कोणत्याच गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. त्यावर पुन्हा वर दाद मागितली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडून आली. ज्या सभागृहात कुणी बसावं याचा वाद होता, ते सभागृहच संपलं. आमच्या पारावर रोज संध्याकाळी कोण कुणाला फोडणार याची चर्चा असते. तिथं मी एकदा म्हणाले, की आपल्या मावेज्याचं आणि या प्रकरणाचं दुखणं एकच आहे. कुणी हसलं नाही, पण विषयही पुढं गेला नाही.

न्यायाधीशांवर माझा राग नाही, हेही लिहिते. देशातल्या खालच्या कोर्टांमध्ये चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. आमच्या कोर्टाच्या दाराला रोजचा बोर्ड लावलेला असतो, त्यावर कधी ऐंशी नावं असतात, कधी शंभर. दुपारच्या जेवणापर्यंत न्यायाधीशांनी पाण्याचा ग्लास उचललेला मी पाहिलेला नाही. पण त्या शंभरात सरकार स्वतः किती ठिकाणी उभं आहे ते बघा. सगळ्यात जास्त खटले लढणारं सरकार, आणि सगळ्यात जास्त मुदत मागणारंही तेच.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. गेल्या वर्षी मी आमच्या दरखास्तीच्या रोजनाम्याची नक्कल काढली. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद. घरी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून पेन्सिलीनं खुणा केल्या. बावन्न तारखा. त्यातल्या एकोणतीस तारखांना एकच मजकूर : “अर्जदार हजर. सरकारतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.” ‘अर्जदार हजर’ हे दोन शब्द एकोणतीस वेळा वाचले तेव्हा मला माझ्या हेलपाट्यांचं मोल पहिल्यांदा कळलं. दोन-चार तारखांना मी गेले नसते तर ‘अर्जदार गैरहजर’ असं लागलं असतं आणि दरखास्त निकाली निघाली असती. मग निधीची गरजच उरली नसती. आमच्याबरोबर त्या तळ्यात जमीन गेलेली अकरा घरं होती. पाच जणांनी तारखेला जाणं सोडलं. त्यांना कुणी हरवलं नाही, ती माणसं कंटाळली.

पुकारा होतो तेव्हा अजून दादांचंच नाव घेतात, मग ‘मयत, तर्फे वारस’. त्या लांब व्हरांड्यात दादांचं नाव मोठ्यानं घेतलं जातं आणि मी “हजर” म्हणते. भावजयीला वाटतं, मी त्या पुकाऱ्यासाठी जाते. तेही असेल.

पण भाच्याला सांगायचंय ते वेगळं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ७ (२) आहे, ते तू परीक्षेसाठी पाठ केलं असशील, पुन्हा वाच. तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर नकार दिला असं मानलं जाईल. माझ्या पाहण्यात गप्प बसण्याला ‘नाही’ म्हणणारा हा एकच कायदा आहे. त्याच्याही पुढं खड्डा आहेच : दुसरं अपील माहिती आयोगानं किती दिवसांत निकाली काढावं, याची मुदत कायद्यात नाही. तरीही मी अर्ज केला. एवढंच विचारलं, की आमच्या निधीच्या मागणीची फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या टेबलावर होती. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीत एक पान मिळालं, हालचाल नोंदवहीची झेरॉक्स. आमची फाइल एका टेबलावर ४ मार्च ते ११ ऑक्टोबर पडून होती. शेरा कोरा.

ते पान घेऊन मी एसटीत बसले तेव्हा परभणीची ती आई मला आठवत होती. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटलं, धरपकड झाली आणि कायद्याचं शिक्षण घेणारा तिचा मुलगा न्यायालयीन कोठडीत असताना गेला. गुन्हा नोंदवा, एवढ्यासाठी तिला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं तसा आदेश दिला. सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं हस्तक्षेपाला नकार मिळाला. सात महिने, दोन न्यायालयं, आणि मिळालं काय तर तपासाची सुरुवात. तिच्या दुःखाशेजारी माझी सव्वादोन एकर ठेवायची मला लाज वाटते. पण ती हजर राहिली म्हणून तो आदेश निघाला, हे मी विसरू शकत नाही. ते खंडपीठसुद्धा मराठवाड्याच्या माणसांनी वर्षानुवर्षं मागितलं, तेव्हा १९८१ मध्ये सुरू झालं. त्याआधी अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची.

हालचाल नोंदवहीचं ते पान आमच्या वकील साहेबांनी गेल्या तारखेला दाखल केलं. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. सरकारी वकिलांनी नेहमीप्रमाणं मुदत मागितली. या वेळी रोजनाम्यात एक ओळ जास्त आली : त्या सात महिन्यांत फाइल ज्यांच्याकडं होती, त्या अधिकाऱ्यांनी स्वतः हजर राहून, विलंबाचं कारण सांगणारं शपथपत्र द्यावं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी स्वतःच्या नावानं, सही करून, का ते लिहून द्यायचंय. पुढच्या तारखेला ते यायचेत. भाचा म्हणतोय, मीही येतो. त्याला म्हटलं, साडेसहाची गाडी आहे, डबा दोघांचा करते.