सहाव्या अंकाला उलटलेलं कृष्णविवर

"सर, कोड फुटलाय." शनिवारी दुपारी, गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये, विद्यार्थिनीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. भारित कृष्णविवराला धक्का दिला की पुढे काय होतं, ते आमचा कोड संगणकावर पाहतो. अवकाश 400 बिंदूंत चिरणाऱ्या ग्रिडवर तिने धक्क्याचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या अलीकडे-पलीकडे विवराचा शेवट बदलतो तो धक्क्याचा जोर, आमच्या बोलीत पी-स्टार, 12 अंकांपर्यंत काढला होता. तोच आकडा 800 बिंदूंवर चालवला, तर शेवट उलटा. तिथे केस, इथे टक्कल.

केस म्हणजे विवराबाहेर टिकलेलं अदिश क्षेत्र: दर बिंदूला नुसता एक आकडा, दिशा नाही. टक्कल म्हणजे निव्वळ राइस्नर-नॉर्डस्ट्रॉम, फक्त वस्तुमान आणि विद्युतभार असलेलं विवर. आमच्या मॉडेलमध्ये विद्युतक्षेत्राशी जोडणी अदिश क्षेत्राच्या चौथ्या घाताची. वर्गाची असती, तर पुरेशा भाराच्या विवरावर इवलंसं स्पंदनही आपोआप फुगलं असतं. चौथा घात इवल्या धक्क्यांच्या रेषीय समीकरणात उतरतच नाही, म्हणून टकलं विवर बारीकसारीक धक्के पचवतं. केस उगवायला उंबरठ्यावरचाच धक्का लागतो. 2020 मध्ये या अवस्थांना उष्ण, थंड आणि टकलं अशी नावं पडली. नावं ठेवण्यात भौतिकवाले कुणाला हार जात नाहीत. उष्ण आणि थंड दोन्ही केसाळ; उष्ण स्थिर, थंड अस्थिर. उंबरठ्याजवळचं विवर याच थंड अवस्थेवर रेंगाळतं. त्र्यंबकच्या डोंगरधारेवरचा थेंब जसा: जरा इकडे तर गोदावरी, जरा तिकडे तर वैतरणा.

आधी भार पाहिला. 0.9 होता, तो हलला नव्हता. मग बंधन-समीकरणांची, म्हणजे दर क्षणी पाळली जायलाच हवीत अशा समीकरणांची, त्रुटी. बिंदू दुप्पट केले की चौथ्या क्रमाच्या पद्धतीत ती 16 पटींनी घटायला हवी. जवळपास तशीच घटत होती. कोड धड होता. चुकलं ते आकडा उचलून नेण्यात. पी-स्टारमध्ये ग्रिडची त्रुटीही मुरलेली असते. सहावा अंकच बदलला, तर पुढचे सहा काय कामाचे?

म्हणून 800 वर नव्याने, उंबरठा ज्या दोन आकड्यांमध्ये अडकलाय त्यांच्यातली फट निम्मी-निम्मी करत गेलो. दर फेरीला रेंगाळण्याचा काळ 0.69 भागिले लॅम्डा इतका वाढतो, लॅम्डा म्हणजे थंड अवस्थेच्या अस्थिर स्पंदनाचा वाढीचा दर. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या साधारण 16 अंकी आकडेमोडीत, पन्नासेक फेऱ्यांत अंकच संपतात. आमची गाडी त्याआधीच अडली: स्क्रिप्टमध्ये कोडच्या एका धावेची मुदत ठरलेली होती, आणि मुदत संपली तरी थंड अवस्थेवरच बसलेल्या विवराला ती बिनदिक्कत 'टक्कल' ठरवत होती. मुदत काढली. क्षितिजावरचं, म्हणजे विवराच्या सीमेवरचं, क्षेत्र वरची किंवा खालची मर्यादा ओलांडेपर्यंत धाव थांबवायची नाही, असं घातलं.

रेंगाळण्याचा काळ आणि उंबरठ्यापासूनच्या अंतराचा लॉग, असा आलेख दोन्ही ग्रिडसाठी काढला, ज्याचा त्याचा पी-स्टार धरून. रात्री आठच्या सुमारास दोन्ही रेषांचा उतार जुळला, म्हणजे दोन्हीकडे लॅम्डा तोच.