गाणं लिहून मोकळं वाटलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. माझा धाकटा भाऊ गेल्यावर मी त्याच्यावर लिहिलेलं ते गाणं म्हणून झालं, की कुणीतरी जवळ येतं, माझा हात हातात घेतं आणि विचारतं, “हे लिहिल्यावर मोकळं वाटलं असेल ना?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं गेलेलं माणूस असतं. त्या माणसाला ‘हो’ ऐकायचं असतं, ते मला दिसतं, आणि मी ‘हो’ म्हणते.

पण हल्ली प्रश्नावर थांबत नाही कुणी. आपल्या माणसांना माझ्याकडे घेऊन येतात. “हिचा नवरा गेलाय, बोलतच नाही, तुम्ही हिच्याकडून एक गाणं लिहून घ्या.” ती बाई खाली मान घालून उभी असते. तिला कुणी विचारलेलं नसतं. मला तेव्हा फार राग येतो, आणि तो तिथे दाखवता येत नाही.

तर, मोकळं वाटलं नाही. ज्या रात्री गाणं पुरं झालं त्या रात्री मला आधीपेक्षाही वाईट वाटलं. इतके दिवस मात्रा मोजायच्या होत्या, यमक जुळवायचं होतं, चालीत बसत नाही म्हणून ओळ मोडायची होती. ते काम संपलं आणि तो गेलेला होता तसाच गेलेला राहिला. माझ्यातच काही कमी आहे, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर हलकं झालं असतं, असंही वाटलं.

माझ्यात काही कमी नव्हतं, हे पुढे वाचनातून कळलं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बीऑल या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायचं. काही मुलांना मुद्दाम किरकोळ विषय दिले होते. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ती मुलं लिहून उठल्यावर इतरांपेक्षा जास्त अस्वस्थ होती. पुढच्या सहा महिन्यांत मात्र ती दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. म्हणजे लिहिल्या लिहिल्या वाईट वाटणं हे लिहिणं फसल्याचं लक्षण नव्हे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र जरा सोपी गेली असती, म्हणून मी आता सांगते.

अर्थात या प्रयोगाचा दाखला देऊन ‘लिहा आणि बरे व्हा’ म्हणणारेही खूप आहेत. त्यांनी पुढचंही वाचावं. २००६ मध्ये जोआन फ्रात्तारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. फायदा दिसला, खरा दिसला, पण सरासरीने लहान दिसला. मला हा निष्कर्ष पटतो, कारण तो माझ्या अनुभवाच्या मापाचा आहे. मी समुपदेशनालाही जात होते, झोपेसाठी आणि उदासीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही घेत होते. गाण्याची गोष्ट सांगताना लोक हा भाग गाळतात, कारण तो ऐकायला सुंदर नाही. गोळ्यांचं श्रेय गोळ्यांना द्यायलाच हवं.

मग गाण्याने काहीच केलं नाही का? केलं. ते सांगायला बाबांची गोष्ट सांगावी लागेल.

गाण्यात एक ओळ आहे, तुमच्यातल्या पुष्कळांना पाठ आहे: ‘हसत उठून गेलास तू, दाराला कळलंही नाही.’ गाणं पहिल्यांदा घरच्यांसमोर म्हटलं तेव्हा आई रडली, मावशी रडली. बाबा शेवटपर्यंत ऐकत बसले आणि मग म्हणाले, “तो हसत गेला नाही.”

कुणी काही बोललं नाही. ते पुन्हा म्हणाले, “तू होतीस तिथे. तो हसत गेला नाही, ओरडत होता तो.”

मी तिथे होतेच. शेवटचे दोन दिवस त्याच्या दुखण्याला औषध पुरत नव्हतं. तो सगळ्यांवर चिडत होता. मलाही त्याने नको ते बोलून घेतलं. आजारापूर्वीचा तो, सगळ्यांची नक्कल करणारा, घर डोक्यावर घेणारा, त्या खाटेवर कुठे दिसत नव्हता. आणि मी गाण्यात तोच जुना उचलून आणून त्या शेवटच्या दिवसात बसवला होता.

बाबांचं तेवढ्यावर थांबलं नाही. तो गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्याच्या फोटोसमोरून जाताना मान वळवत. त्या दिवशी मात्र बोलत राहिले. शेवटच्या संध्याकाळी त्याने त्यांना सांगितलं होतं, “बाबा, तुम्ही बाहेर जा.” तेवढंच. ते उठून बाहेर गेले, बाकावर बसले आणि पुन्हा आत आले ते सगळं संपल्यावर. मुलाने आपल्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे, आणि आपण ते निमूट ऐकलं, थांबलो नाही, हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, “तू आतच होतीस. का म्हणाला तो तसं?”

मला खोटं उत्तर देता आलं असतं. ‘तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून म्हणाला’ हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. कदाचित ते खरंही असेल. पण त्याने मला कारण सांगितलेलं नव्हतं, आणि नुकतीच माझी एक गोड ओळ बाबांनी उलटी माझ्यासमोर ठेवली होती. मी म्हटलं, “माहीत नाही, बाबा. मला काही बोलला नाही.” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला की बरं वाटलं, ते मला आजही कळलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे, की दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी त्याच्या शाळेतल्या एका खोडीची आठवण काढली. त्याचं नाव घेऊन. घरात ते नाव परत आलं.

गाण्याने काय केलं, तर एवढं केलं. त्याने बाबांना ‘असं नव्हतं’ म्हणायला जागा दिली. नुसतं ‘बाबा, बोला ना’ असं आम्ही कितीतरी वेळा म्हटलं होतं. ते गप्प राहायचे. एखादी तयार गोष्ट समोर आली, तिला सुरुवात-शेवट असला, की तिच्यातलं चूक-बरोबर दाखवता येतं. कोऱ्या दुःखावर कुणी आक्षेप घेऊ शकत नाही.

आता त्या ओळीबद्दल. कित्येकदा मी ती लिहिणाऱ्या माझ्याशी भांडते. ‘खोटं लिहिलंस. लोकांना रडवायला सोपं म्हणून हसत पाठवलंस त्याला.’ ती उत्तर देते, ‘ओरडणारा तो मला सहन होत नव्हता. ही ओळ नसती तर गाणं पुरं झालं नसतं, आणि गाणं नसतं तर बाबा बोलले नसते.’ तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. माझं म्हणणंही ती खोडू शकत नाही. ओळ मी बदललेली नाही.

युद्धातून, छळातून सुटलेल्या माणसांसाठी एक उपचारपद्धत आहे. तिच्यात एक दोरी जमिनीवर पसरतात. ती म्हणजे त्या माणसाचं आयुष्य. जन्मापासून आजवरच्या चांगल्या प्रसंगांसाठी तिच्यावर फुलं ठेवायची, भयंकर प्रसंगांसाठी दगड. मग अनेक बैठकांमध्ये, क्रमाने, थेरपिस्टच्या सोबतीने एकेक प्रसंग सांगायचा. सांगितलेलं लिहून काढतात, त्याला वाचून दाखवतात, तो दुरुस्त्या सुचवतो. हे वाचल्यावर आमच्या घरात त्या दिवशी काय झालं ते मला उमगलं. मी दगडाच्या जागी फूल ठेवलं होतं. बाबांनी ते उचलून दगड परत ठेवला. फूल त्यांनी फेकलं नाही, कारण नकला करणारा तो मुलगाही त्याच दोरीवर होता, थोडा आधी.

आणि म्हणूनच कुणालाही ओढून आणून गाणं लिहायला बसवू नका, असं मी कळकळीने सांगते. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत माणसाला सगळं बोलतं करायची पद्धत एके काळी खूप वापरली जायची. तिचा आढावा घेतला गेला तेव्हा पुढचा मानसिक त्रास तिने टळत नाही असं आढळलं. काही अभ्यासांत तर अशी बैठक झालेल्यांची स्थिती न झालेल्यांपेक्षा वाईट होती. गप्प बसणं हीसुद्धा कधीकधी त्या माणसाने स्वतःची घेतलेली काळजी असते. आमचे बाबा त्यांच्या वेळेला बोलले. त्याआधी कुणी त्यांना माईकसमोर उभं केलं असतं तर ते घर सोडून गेले असते.

ज्यांना स्वतःहून लिहायचं आहे त्यांना मात्र मी मदत करते, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, ‘मला कुठे गाणं लिहिता येतं?’ कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची गरजच नाही. म्युझिक थेरपिस्ट मंडळी ओळखीच्या चालीवर आपले शब्द बसवायला देतात, किंवा ओळीतला एखादा शब्द गाळून तो भरायला सांगतात. एका मुलाला मी ‘तुझ्याशिवाय ... मला जमत नाही’ एवढंच लिहून दिलं होतं. त्याने रिकाम्या जागी ‘भांडायला’ लिहिलं. अर्धा तास तो त्या एका शब्दाकडे बघत होता. पुढे लिहिलं नाही, मीही लिही म्हटलं नाही.

एक गोष्ट मी जरूर बघायला सांगते. पेनबेकर यांनी लोकांच्या लिखाणातले शब्द तपासले तेव्हा ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारणं शोधणारे, काहीतरी उमगल्याचं सांगणारे शब्द वाढत गेलेले दिसले. रोज तेच तेच, त्याच शब्दांत लिहिलं जात असेल तर ते उगाळणं आहे, आणि उगाळण्याने उदासी वाढते, लांबते. ध्रुवपद परत परत येतं, पण मध्ये अंतरा असतो. परत येताना ते थोडं वेगळं ऐकू येतं. तुमच्या वहीत अंतराच येत नसेल तर वही मिटा आणि कुणा जाणकाराशी बोला. यात हार नाही.

बाबांच्या त्या बाकावर मला एक कडवं लिहायचं आहे. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “लिहून ठेव हवं तर, लोकांना सांग. पण गाण्यात नको. गाण्याला लोक टाळ्या वाजवतात.” म्हणून ते इथे असं साधं सांगितलं, त्यांना वाचून दाखवून. टाळ्यांबद्दल मला त्यांचं पटत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच कितीतरी जण नंतर येऊन माझा हात धरतात, हे मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणतात, त्यांनी हात धरावा, टाळ्या कशाला. कडवं अर्धं लिहून झालंय आणि त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.