व्हॅनला खिडकी बसली!

आज आमच्या जुन्या फोर्ड ट्रान्झिट व्हॅनला खिडकी बसवली. धडधाकट गाडीचा पत्रा स्वतःच्या हाताने कापायचा म्हणजे पोटात गोळा येतोच. त्यात सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बाबा: "अरे, चांगल्या गाडीला भोक कशाला पाडतोयस?"

बाबा, मागच्या आठवड्यात इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टला व्हॅनमध्ये झोपलो, तर सकाळी आमच्याच श्वासाचं पाणी छतावरून उशीवर टपकत होतं!

चार कोपऱ्यांना ड्रिल, मग जिगसॉ, म्हणजे विजेवरची छोटी करवत. पत्र्यावर मास्किंग टेप लावली होती, एका ठिकाणी सोडून. ओरखडा नेमका तिथेच. कापलेल्या कडेला प्रायमर मारला आणि लोखंडाचा कीस वेचून काढला. ओलाव्यात तो दोन दिवसांत गंजतो आणि रंगावर तांबडे ठिपके पडतात. खिडकी ॲक्रिलिकची, दुहेरी, वरून बिजागरी. म्हणजे रिमझिम पावसातही खालून उघडी ठेवता येते.

संध्याकाळी बायकोने बाहेरून पाइपने पाणी मारलं. मी आत टॉर्च घेऊन. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक थेंब! मी एकाच बाजूचे स्क्रू आधी पिळले होते. सगळे सैल केले, फट बुजवणारं सीलंट पुन्हा लावलं, समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. आता कोरडं.

दुसरी खिडकी अजून खोक्यातच आहे.