सामन म्हणजे रावस नव्हे

सिअ‍ॅटलला येईपर्यंत सामन म्हणजे रावसच, अशी माझी पक्की समजूत होती. मुंबईतल्या कितीतरी हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसासमोर ‘इंडियन सामन’ असं छापलेलं असतं, आणि आमच्या घरी रावस आला की बाबाही कौतुकाने तेच म्हणायचे. खरं तर या दोन माशांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. रावस आपल्या किनाऱ्यालगतचा, पांढऱ्या मांसाचा, तेलाने बेताचा. सामन थंड पाण्यातला, केशरी, आणि अंगभर तेल घेऊन हिंडणारा. हा फरक मला स्वयंपाकघरात फार उशिरा कळला. कोकणातून आलेल्या आणि इथे सामनवर अडलेल्या बऱ्याच मैत्रिणी मला विचारत असतात, म्हणून आज सविस्तर लिहिते.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी सामनची मोठी थोरली फिले, म्हणजे एका बाजूची सलग फाक, आणली. तुकड्या पाडल्या, आलं-लसूण वाटून लावलं, वेंगुर्ल्याहून आणलेला मालवणी मसाला चोपडला, रव्यात घोळवल्या आणि तव्यावर तेल सोडून तळल्या. रावसाला करतो तसंच. तव्यावर सामनचं स्वतःचंच तेल इतकं सुटलं की रवा भिजून सुटा झाला आणि कडेला जळत राहिला. तुकडी खाल्ली तर टाळूला चरबट थर बसला. मसाला तिखट होता, पण त्या तेलाखाली तो दबून गेला होता. आणि वास! सामनचा तळणीचा वास आपल्या सुरमईसारखा भूक चाळवणारा नसतो. तो पडद्यांना, कोटांना, उशांना धरून बसतो. आमच्या अपार्टमेंटमधला शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरातच सोडतो. तीन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवून आम्ही नोव्हेंबरच्या थंडीत कुडकुडलो.

त्यानंतर दोन-तीनदा मासे तळले तेव्हा इमारतीच्या कचेरीतून चिठ्ठी आली, शेजाऱ्यांना वासाचा त्रास होतो म्हणून. ती चिठ्ठी मला फार लागली. मासा हे ज्या घरात रोजचं अन्न, त्या घरातल्या मुलीला मासे करताना दाराखाली टॉवेल लावावा लागतो, याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं. वर्षभर मी घरात मासा केला नाही.

एअर फ्रायर आला तो या कारणाने. २०२० मध्ये सगळे घरात अडकलेले, आणि मला बांगडा हवा होता, तोही मिळत नव्हता. म्हटलं, सामन तर सामन.

या यंत्रात तळण होत नाही, हे आधी मनाशी ठरवून टाकलं की बरं पडतं. वर एक तापणारी कॉइल असते, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, आणि खाली भोकांची टोपली. गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते, पृष्ठभाग लवकर सुकतो आणि खरपूस होतो. म्हणजे ही छोटीशी भट्टीच. तव्यावर रवा कुरकुरीत होतो तो खालच्या तापलेल्या तेलामुळे. इथे ते तेल नसतं, त्यामुळे रवा पांढराच राहतो, दाताखाली कचकचतो, आणि सुटे कण पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतात. वरून तेल मारलं तर जरा बरा होतो, पण सामनला मुळात रव्याची गरज नाही. रवा आपण लावतो तो पापलेट-सुरमईच्या ओलसर मांसाला वरून कवच मिळावं म्हणून. सामनच्या अंगचं तेल गरम हवेत आपणच वर येतं आणि मसाल्याला परतून काढतं. हे समजायला मला चार खेपा लागल्या. तोवर रवा सोडायला मन तयार नव्हतं.

तरी चव मिळत नव्हती. तिखट वाढवलं, लिंबू वाढवलं, पण तो चरबटपणा काही जाईना.

मग गेल्या जुलैत आई आली. तिला सिअ‍ॅटलमधल्याच बॅलर्डच्या लॉक्सवर, म्हणजे बोटींसाठीच्या जलद्वारांवर, नेलं. पुगेट साउंड या खाडीचं खारं पाणी आणि शहराच्या आतली तळी यांच्यामध्ये १९१७ साली हे दरवाजे बांधले, आणि बाजूला माशांना वर चढून जायला २१ पायऱ्यांची वाट ठेवली आहे. खाली तळघरासारख्या खोलीत काचा लावल्या आहेत. त्या काचांपलीकडे जुलैत सॉकाय जातीचे सामन प्रवाहाच्या उलट तोंड करून ताटकळत असतात, मध्येच एक झेप घेऊन पुढे सरकतात. आई काचेला नाक लावून किती वेळ उभी होती. मी तिला सांगितलं, की हे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतात. गोड्या पाण्यात शिरले की खाणं सोडतात. आणि हे इथले, पॅसिफिकचे, अंडी घालून झाली की मरतात.

“मगे इतक्या लांब जातत ते कशाच्या जिवार?” आईने विचारलं.

अंगातल्या तेलाच्या जिवावर. समुद्रात असताना साठवून घेतलेलं ते तेल म्हणजे त्यांची शिदोरी. अलास्कातल्या कॉपर नदीचा सामन इथे मे महिन्यात येतो तेव्हा दुकानांत त्याची केवढी वाट बघतात, तेही याच कारणाने. ती नदी सुमारे ४६० किलोमीटर लांबीची, थंड आणि खळाळती, म्हणून तिथला मासा जास्त तेल बांधून निघतो.

घरी येताना गाडीत आई गप्प होती. मग म्हणाली, “रावस नाय गो ह्यो. बांगड्याचो भाव ह्यो. ह्येका तिरफळां घाल.”

हा बांगड्याचा भाऊ, हे मला तिथेच पटलं. आमच्याकडे बांगड्याच्या, तारल्यांच्या तिखल्यात, म्हणजे कमी रसाच्या तिखट कालवणात, तिरफळं ही मिरीसारखी झणझणीत फळं पडतातच. रावस-पापलेटात कोणी घालत नाही. तेलकट माशाला तिरफळ आणि सोलं (आमसुलं), हे आमच्या बायकांचं शेकडो वर्षांचं शहाणपण. तिरफळाची ती लिंबासारखी चढती झणझण आणि आमसुलाचा आंबटपणा तेलाला कापत जातो. इतकी वर्षं मी माशाचं नाव बघून मसाला लावत होते. बघायला हवं होतं त्याच्या तेलाकडे.

आता मी करते ती पद्धत. आम्ही चौघं, म्हणून चार तुकड्या, प्रत्येकी साधारण १७० ग्रॅम, कातडीसकट. मांसावरून उलट दिशेने बोट फिरवलं की काटे टोचतात. ते चिमट्याने ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेला ओढून काढायचे. मग थोडं मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि सुटलेलं पाणी कागदाने नीट टिपून घ्यायचं. हे टाळू नका. एक तर ओल्या तुकडीवर मसाला बसत नाही, वाफ धरते. दुसरं, सामन भाजताना वर पांढरा साका येतो, तो माशातलाच प्रथिनांचा द्रव गोठून आलेला असतो; आधी मीठ लावलं की तो बराच कमी येतो. खायला त्याने काही अपाय नाही, पण लालभडक मसाल्यावर तो पांढरा फेस मला बघवत नाही.

तोवर सात-आठ सुकी तिरफळं घ्यायची. आतली काळी बी काढून टाकायची, ती कडवट असते. टरफलं खलबत्त्यात जराशी ठेचून दोन चमचे आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, दहा मिनिटं भिजू द्यायची. आगळ खारट असतं, तेव्हा नंतरच्या मिठाचा हात आवरायचा. त्यात तीन चहाचे चमचे मालवणी मसाला, पाव चमचा हळद, दोन चमचे खोबरेल. हे खोबरेल चवीसाठी जितकं, तितकंच मसाल्यासाठी. कोरडं तिखट गरम हवेत दोन मिनिटांत काळं पडतं आणि उडतं. तेलात कालवलेलं तिखट माशाला धरून राहतं. लसूण यात घालत नाही, कारण वाटलेला लसूण वरच्या कॉइलखाली करपतो आणि सगळी तुकडी कडू करतो. गूळ-साखर तर नाहीच. इथले लोक सामनला मध, ब्राऊन शुगर लावतात, त्यांना ते आवडतं, आणि चांगलं केलेलं मीही आवडीने खाल्लं आहे. पण आगळ-तिरफळाच्या जोडीला गोड नको.

हा मसाला वरून आणि बाजूंनी पातळ चोपडायचा. जाड थर दिला तर वरचा करपतो आणि खालचा कच्चा राहतो. वीस मिनिटांपेक्षा जास्त मुरवत ठेवायचं नाही. आंबटाने सामनचं मांस लवकर पांढुरकं पडतं आणि पिठूळ लागतं.

यंत्र ४०० फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण २०० सेल्सियसवर, तीन मिनिटं रिकामं तापवून घेते. टोपलीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घालते. सामनमधून गळणारं तेल तापलेल्या पत्र्यावर पडलं की धूर होतो, आणि अपार्टमेंटमध्ये धुराचा भोंगा वाजणं म्हणजे काय ते सांगायला नको. पाण्यात पडलं की काही होत नाही. घरभर पसरणाऱ्या वासाचं निम्मं कारण हेच होतं. तुकड्या कातडी खाली करून, एकमेकींना न चिकटवता ठेवते. दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालेल. दाबाच्या डब्यात येणारे तेलाचे स्प्रे टोपलीवर मारू नका, त्यांच्यातल्या घटकांचा चिकट थर बसतो आणि टोपलीचं आवरण जातं. ब्रशने तेलाचा हात फिरवा.

वेळ मासा ठरवतो. इंचभर जाड, पाळीव अटलांटिक सामन असेल तर ८ मिनिटं. इथल्या दुकानांत ‘अटलांटिक’ लिहिलेला सामन शेतीत वाढवलेलाच असतो. त्याच्यात चरबी जास्त, त्यामुळे मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. सॉकाय मात्र रानचा, लालबुंद, पातळ आणि कमी तेलाचा. तो ५ ते ६ मिनिटांत काढलाच पाहिजे, नाहीतर दडस होतो. त्याला मी तिरफळंही निम्मीच घालते. मला विचाराल तर चव सॉकायचीच, पण पहिल्यांदा करणाऱ्याने पाळीवच आणावा.

घड्याळापेक्षा छोटा थर्मामीटर घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. जाड भागात टोचून १३० फॅरनहाइट दिसलं की मी काढते आणि झाकून पाच मिनिटं ठेवते. आतली उष्णता अजून थोडं शिजवते. इथल्या सरकारी नियमाप्रमाणे मासा १४५ ला, म्हणजे ६३ सेल्सियसला, शिजला असं धरतात. आईसाठी आणि गेल्या वर्षी दिवस गेलेल्या माझ्या मैत्रिणीसाठी मी तितकाच केला. तेवढा शिजलेला मासा थोडा कोरडा होतो, पण तेलाचा असल्यामुळे सामन तरीही गोड लागतो.

वरून एक फोडणी देते. चमचाभर खोबरेल, चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, लालसर होईपर्यंत. ती चुरचुरत तुकडीवर पडली की घर एकदम वेंगुर्ल्याचं होतं. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी.

तिरफळांबद्दल थोडं. इथल्या भारतीय दुकानांत ती मला कधी मिळाली नाहीत. आई येताना पावकिलो आणते, मी ती बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवते. संपली तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी आणा. ती आपल्या तिरफळाच्याच कुळातली, नात्याने अगदी जवळची. जिभेला मुंग्या जास्त आणते, म्हणून तीन-चारच दाणे घ्यायचे. अमेरिकेत १९६८ पासून २००५ पर्यंत ही मिरी आणायला बंदी होती, लिंबाच्या झाडांना रोग येईल या भीतीने. आज दहा मिनिटांवरच्या दुकानात ती मिळते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वास म्हणाल तर येतो, नाही असं नाही. पण जेवण होईपर्यंत तो सरतो. टोपली लगेच गरम पाण्यात भिजत घातली आणि खालचं तेल-पाणी कागदाने टिपून पिशवीत बांधून टाकलं की सकाळी काही उरत नाही. दोन वर्षांत एकही चिठ्ठी आलेली नाही, आणि दाराखालचा टॉवेल आता न्हाणीघरात आहे.

कातडी फेकू नका. शिजलेल्या तुकडीखालून ती अलगद सुटते. चारही कातड्या पसरून, चिमूटभर मीठ भुरभुरून परत ४०० वर तीन मिनिटं. हलक्या असल्यामुळे त्या वाऱ्याने उडतात, म्हणून वर छोटी जाळी ठेवावी लागते. पापडासारख्या होतात. आई परत गेल्यानंतर पहिल्यांदा केल्या तेव्हा व्हिडिओवर तिला दाखवल्या, आणि कॅमेऱ्यासमोर एक मोडली. आवाज ऐकून ती म्हणाली, “पेजेवांगडा खा.” दुसऱ्या दिवशी सकाळी पेज केली. मुलाने दोन कातड्या चुरून घातल्या, आणि उरलेल्या दोन मला मागितल्या.