आमची वाटचाल : देवळाईच्या उतारावरची २७ वर्षं

आमचा धंदा मोजणीचा. हद्द कायम करणं हे भूमि अभिलेखचं काम. त्यांनी मोजून दिलेला हद्दीचा नकाशा, म्हणजे क प्रत, हातात पडली की लोक आमच्याकडं येतात. कंटूर (समान उंचीच्या रेषा), लेव्हल, लेआउटची आखणी, प्लॉटच्या खुंट्या, गेली २७ वर्षं हेच करतो आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीड बायपासच्या दक्षिणेला सातारा-देवळाईत आज जी दाटी दिसते, तिथले कितीतरी कोपरे आधी आमच्या चुन्यात उमटले. आणि जिथं समोरून रिक्षा आली की दुचाकीला मागं सरकावं लागतं, त्या गल्ल्या आमच्या नाहीत. हे एकदा लिहून ठेवायचं होतं.

सुरुवात १९९८ ची. माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, आणि तात्या भूकरमापक म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. ते आमच्या गल्लीतले. पेन्शन घेऊन घरी बसणारा तो माणूस नव्हता. गारखेड्यात दहा बाय बाराची खोली, उंची मोजायची एक जुनी डम्पी लेव्हल, तिचा स्टाफ (मापाची पट्टी), तात्यांचं स्वतःचं जागेवर नकाशा काढायचं फलकयंत्र आणि त्यांची साखळी, एवढ्यावर बोर्ड लावला. साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजच्या पोरांना हा हिशोब मोबाईल सांगतो, पण तात्या नुसतं शेतात चालून गुंठे सांगायचे आणि ते पाव-अर्ध्या गुंठ्याच्या आत बरोबर निघायचे. ती साखळी अजून ऑफिसात आहे. दर दसऱ्याला टोटल स्टेशनच्या (कोन आणि अंतर मोजणाऱ्या मशीनच्या) आधी तिला हळद-कुंकू लागतं.

तेव्हा सगळे म्हणायचे, औरंगाबाद वाढणार ते वाळूजकडं. १९८५ साली तिथं बजाजचा कारखाना आला तसं बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी फुगत गेली होती. तात्या म्हणाले, "दक्षिणेला बघ. डोंगर जवळ आहे, मुरूम वर आहे. काळ्या मातीत पाया खोल घ्यावा लागतो, इथं दोन-तीन फुटांवर कडक लागतं. गरीब माणूस जिथं पाया स्वस्त तिथंच घर बांधतो." शिवाजीनगरचं रेल्वे फाटक ओलांडलं की तेव्हा ज्वारी आणि तूर होती. फाटक बंद असलं की स्कूटरवर मागं ट्रायपॉड धरून बसलेले तात्या मला हेच समजावत असायचे. खंडोबाच्या देवळापाशी उभं राहून पाहिलं की डोंगरातून खाली उतरणारे नाले हातावरच्या रेषांसारखे दिसत.

आणि आलीच माणसं. बीड, जालना, परभणीकडची. कुणी कंपनीत, कुणी सेंटरिंगवर, कुणी मुलांच्या शाळेसाठी गाव सोडून आलेली. त्यांना हवा असायचा २० बाय ३० चा प्लॉट, ६०० चौरस फूट, हप्त्यानं. आता साधा हिशोब बघा, कारण सगळी गोम यातच आहे. एकरात ४३,५६० चौरस फूट. नऊ मीटरचे रस्ते सोडले, दहा टक्के खुली जागा सोडली, कोपऱ्यांची तूट धरली, तर ६०० फुटांचे चाळीसेक प्लॉट निघतात. रस्ता १५ फुटांवर आणला आणि खुली जागा खाल्ली, तर पंचावन्न. हे वरचे पंधरा प्लॉट पुढाऱ्यानं खाल्ले, दलालानं खाल्ले असं लोक म्हणतात. ते आधी कागदावर काढून देणारा कुणीतरी मोजणीवाला असतो, हे कुणी म्हणत नाही.

तो मोजणीवाला आमच्याच धंद्यातला. नाव लिहीत नाही. आमच्यानंतर सात वर्षांनी आला, आठ दिवसांत नकाशा हा त्याचा दावा, आणि तो खरा होता. कारण तो जागेवर लेव्हल घेतच नसे. चार कोपऱ्यांची हद्द घ्यायची आणि आत चौकटी भरायच्या.

२००९ मध्ये मी कर्ज काढून पुण्याहून सोक्कियाचं टोटल स्टेशन आणलं. दुसऱ्या हाताचं, पण निगुतीनं वापरलेलं. २०११ साली आमच्याकडून एक चूक झाली, तीही सांगतो. आमचा प्रिझम (मशीनचा किरण परतवणारी काच) पडून फुटला, हाताखालच्या मुलानं दुसऱ्याचा आणला आणि मशीनमध्ये प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे त्या प्रिझमचा ठरलेला फरक, बदलला नाही. प्रत्येक अंतरात ३० मिलिमीटरचा फरक. मशीन चार जागी मांडून पुढं जाईतो शेवटची रांग साडेचार-पाच इंच सरकली. ट्रॅव्हर्स क्लोज करताना, म्हणजे मोजणी फिरून पहिल्या बिंदूशी जुळवताना, ते माझ्याच लक्षात आलं. सगळ्या खुंट्या उपटून आम्ही स्वखर्चानं काम दुसऱ्यांदा केलं, मालकाला एक रुपया मागितला नाही. पण त्या आठ दिवसांत नकाशावाल्या गृहस्थांनी पुढची पाच वर्षं बायपासच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितलं की आमचं मशीन खोटं बोलतं.

मग २०१२. देवळाईच्या पुढं १८ एकरांचं काम. त्या डेव्हलपरचे आधीचे दोन लेआउट आम्ही केले होते आणि त्यांचे सहा लाख चाळीस हजार यायचे होते. गटातून तिरका एक नाला जात होता, काठापासून काठापर्यंत बारा मीटर. त्या वर्षी पाऊस नव्हता, नाल्यात बाभळी आणि धूळ. तात्या बहात्तरीचे, छत्री धरून बरोबर होते. दर पाच मीटरवर आम्ही आरएल, म्हणजे जमिनीच्या उंचीची मापं, घेतले. नकाशा पाहून शेठ म्हणाले, "नाला काहून दाखवला? पाणी तर कधीच पाहिलं नाही आम्ही." कडेला तीन फुटी नाली काढा, मध्ये प्लॉट पाडा, असं त्यांचं म्हणणं. तात्या म्हणाले, "शेठ, हे पाणी आज आलं नाही म्हणून त्याची वाट मोडत नाही. मी सही करणार नाही." मीही केली नाही.

आठव्या दिवशी त्याच गटाचा दुसरा नकाशा तयार होता. कुणी काढला असेल ते सांगायला नको. नाला गायब, त्याच्या जागी ६१ प्लॉट, मंडप, मंडपात लकी ड्रॉ. आमचे सहा लाख चाळीस हजार आजतागायत आले नाहीत. मशीनचा हप्ता महिन्याला १७,०००. मी शिकवलेली दोन मुलं त्या गृहस्थांनी जास्त पगार देऊन उचलली. चेनमनचा पगार द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ, २०१३ चा उन्हाळा तर विचारू नका. जमिनीचे सौदे थंड. फेब्रुवारीत मी मशीन विकायची बोलणी केली होती.

तेव्हा पाटील आले. साताऱ्याकडची त्यांची सहा एकर जमीन, चौघं भाऊ. धुऱ्यावरून आधी भांडणं झालेली, त्यांची पोटहिस्स्याची आखणी आम्ही २००३ साली केली होती आणि त्यानंतर वाद झाला नव्हता. टेबलावर पन्नास हजार ठेवून म्हणाले, "मोजणीवाले, मला प्लॉटिंग करायचंय. पण एनए (बिगरशेती) करून, तीस फुटी रस्त्याचं. माझी विहीर ठेवा आणि ओढ्याला हात लावू नका. माझ्या भावांच्या नाती तिथं राहणार आहेत." पुढं शेजारचे लेआउट महिन्यात विकले जात होते, पाटलांचा विकायला चार वर्षं लागली. ते एकदाही माझ्यावर चिडले नाहीत. विहिरीभोवती त्यांनी खुली जागा ठेवली, तिथं आज लिंबाची झाडं आहेत, आणि विहिरीच्या दगडी थारोळ्यावर आमचा बेंचमार्क (उंचीची पक्की खूण) कोरलेला आहे.

पुढची काही वर्षं बरी गेली. तात्या २०१६ मध्ये गेले. नोटबंदी, लॉकडाऊन सगळ्यांनी सोसलं, तसं आम्हीही.

२०२१ पासून गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांवरची घरं नियमित करायच्या, फायलींचं काम आलं. २००१ च्या कायद्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं बसायची, ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. घरोघर टेप घेऊन फिरताना मी जे पाहिलं ते कागदावर कधी दिसलं नव्हतं. दोन घरांमध्ये हात जाईल एवढी फट. जायकवाडीचं पाणी पोचत नाही म्हणून टँकर मागवायचा, तर तो गल्लीत शिरत नाही. शंभर फुटांचा पाइप विकत घेऊन ठेवलेल्या बायका. आजारी म्हाताऱ्याला खाटेसकट मेन रोडपर्यंत आणावं लागतं. दंड आणि विकास शुल्क भरलं की घर नियमित होतं; गल्ली मात्र पंधरा फुटांचीच राहते.

म्हणून प्लॉट घेणाऱ्याला मी विचारल्याशिवायच सांगतो. मंडपातला रंगीत नकाशा पाहू नका, मंजूर लेआउट मागा. रस्ता स्वतः टेपनं मोजा, कुंपणापासून कुंपणापर्यंत. जागा पहिल्यांदा बघायला जुलैत जा, मार्चमध्ये नाही. बाभळींची तिरकी रांग दिसली तर शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, ही रांग इथं कशी. आणि कोपऱ्याची खुंटी काढून चूल पेटवू नका. सिमेंटात दगड बसवा.

त्याच २०२१ च्या सप्टेंबरात एका रात्री डोंगरावर धो धो पाऊस झाला. सकाळी त्या १८ एकरांतल्या वस्तीतले अकरा जण ऑफिसात आले, पँटी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या. घरात कमरेइतकं पाणी शिरलं होतं. ज्यांनी नकाशा काढला त्यांचा फोन लागत नव्हता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या नाल्याचं माप आमच्याकडं आहे. होतं. २०१२ ची फील्डबुकं आणि रीडिंगच्या फायली मी एकही टाकलेली नाही.

पाटलांच्या थारोळ्यावरून लेव्हल घेतली, जुने कोऑर्डिनेट मशीनमध्ये भरले आणि नाल्याची मध्यरेषा वस्तीत आखायला लागलो. तीन अंगणं, एक पिठाची गिरणी, मग एका घराच्या भिंतीतून आत. तिथं मी थांबलो. त्या ताई गाळ उपसत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मारा आत रेघ. निदान आम्हाला कळू तर द्या कुठून येतं ते." गॅसच्या ओट्यापासून मोरीपर्यंत चुना टाकला.

महापालिकेला दिलेल्या त्यांच्या अर्जाला तोच नकाशा जोडला आहे. पैसे घेतले नाहीत. खाली मोजणी करणाऱ्यांची दोन नावं आहेत, आधी तात्यांचं, मग माझं.