नाशिक ते सप्तशृंगी गड: बंद पडणारी जुनी सेडान घेऊन

गाडी २००४ सालची, १.३ लिटर पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं इंजिन), बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. तक्रार जुन्या सेडानवाल्यांना पाठ असेल अशी: एसी लावला की सिग्नलला स्लो (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) खाली येतो, हेडलाइट मंदावतात आणि तापल्यावर कधीतरी चालता चालता बंद. बॅटरी नवी, डायनामो नुकताच दुरुस्त केलेला, तरी दुखणं जिथल्या तिथं. पार्ट बदलत बसण्याआधी मोजायला हवं होतं, ते राहून गेलं होतं.

गडाचा रस्ता अशा गाडीची चांगली परीक्षा घेतो. दिंडोरीमार्गे वणीपर्यंत साधारण ४०-४५ किलोमीटर सपाट, पुढे गडाच्या पायथ्याचं नांदुरी, आणि तिथून १० किलोमीटरच्या आसपास घाट. चढताना इंजिन तापतं, उतरताना एक्सलेटर सुटलेला असतो, आणि मध्ये दर्शनाच्या वेळात गरम गाडी बोनेटखाली शिजत उभी. चैत्र यात्रा आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीनेच जावं लागतं. म्हणून मे महिना निवडला. ऊनही भरपूर मिळतं, आणि तापल्यावरचे फॉल्ट सकाळच्या गारव्यात दिसत नाहीत.

निघण्याआधी अर्धा तास मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इथे १२.६ मिळाले. इंजिन चालू, २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), हेडलाइट आणि एसी सुरू: बॅटरीच्या टोकांवर १३.३. हे कमी आहे, १३.८ तरी हवेत. इथे बहुतेक जण डायनामो खोलतात. त्याऐवजी मीटरची लाल पिन डायनामोच्या मागच्या बी प्लस बोल्टवर (जिथून करंट बाहेर पडतो) आणि काळी त्याच्याच बॉडीवर धरायची. तिथे १४.२ होते. म्हणजे डायनामो चार्ज नीट करतोय, वाटेत ०.९ व्होल्ट गळतायत. बी प्लस ते बॅटरीचा प्लस: ०.२, चालेल. इंजिन ब्लॉक ते बॅटरीचा मायनस: ०.७. हा आकडा ०.१ च्या वर जाता कामा नये. सेल्फ मारताना हाच आकडा ०.३ पर्यंत चालतो. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारला, तर तो ०.९ दाखवत होता.

दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट परत जाण्याच्या वाटेत. गिअरबॉक्सपासून चासीला येणारी पट्टी वरून ठीकठाक, पण बोल्ट काढल्यावर थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवा बुरा आणि वायरीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. इंजिन चालू असताना गाडीचा सगळा लोड याच जोडातून डायनामोकडे परत जातो. माउंटिंगवर इंजिन हललं की जोड क्षणभर सैल होतो, आणि इंजेक्टर, कॉइल, पंप सगळ्यांचा व्होल्टेज एकदम पडतो. गाडी बंद पडते, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होते आणि गॅरेजमध्ये पोचल्यावर शहाण्यासारखी वागते.

नवी वायर २५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची तांब्याची, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले थिंबल. नुसता सोल्डर नको, गरम जागेत तो सैल पडतो. चासीवरची बसण्याची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासायची, बोल्ट आवळायचा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. थोडा झोल ठेवायचा, ताणलेली वायर इंजिनाच्या हालचालीने तुटते. सिलिंडर हेडपासून फायरवॉलला दुसरी वायरही टाकली. नंतर ०.७ चे ०.०५ झाले आणि बॅटरीवर १४.० दिसू लागले. हे सामान नाशिकमधल्या द्वारका परिसरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून घेऊन निघा.

आता विजेचा हिशोब. दोन ५५ वॅटचे हेडलाइट ९ अँपिअर, रेडिएटर फॅन आणि ब्लोअर प्रत्येकी १० ते १५, वायपर ५, पंप ५, वर एसीचा क्लच आणि इग्निशन. सगळं मिळून ५० च्या घरात. या वर्गातले डायनामो ६०-७० अँपिअरचे, पण स्लोवर त्याच्या निम्म्याच्या आसपासच देतात. म्हणजे दिंडोरीच्या गर्दीत एसी लावून उभं राहिलात की बॅटरी खर्च होतेच. त्यात काही बिघाड नाही. सिगारेट लायटरमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घ्या. स्लोवर १३ च्या खाली जाऊ लागला की ब्लोअर एक घर कमी करा.

सीएनजी किटवाल्यांनी अजून एक जागा बघावी: इंजेक्टरच्या वायरी कापून किटला दिलेले जोड. पिळून टेप गुंडाळलेले असतील तर ते सोडवून पुन्हा करा, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी. अलार्म आणि सेंट्रल लॉकिंगच्या वायरमननेही इग्निशनच्या वायरीत असेच हात घातलेले असतात. टाकीत पाव भाग पेट्रोल ठेवाच. बऱ्याच किटमध्ये सीएनजीवरही पंप फिरत राहतो, आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

पंचवटीतून दिंडोरी नाक्यावरून सकाळी निघून म्हसरूळ, दिंडोरी, वणी. इथपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. वणीत चहा घेताना बोनेट उघडून अर्थचा बोल्ट हाताने हलवून बघावा. काही सामान लागलं तर ते इथेच घ्या, वर इलेक्ट्रिशियन मिळेल हे गृहीत धरू नका. घाट दुसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद, मीटर १३.९.

खरी गंमत वर झाली. दर्शन घेऊन आल्यावर सेल्फ जोरात फिरतो, इंजिन उचलत नाही. अशा वेळी सेल्फ मारत राहू नका, आधी कान द्या. चाबी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घूं ऐकू यायला हवी. इथे शांतता. फ्यूज शाबूत. मग रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा स्विच: फ्यूज बॉक्समधला त्याच पिनांचा हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावला, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू. जुना रिले उघडल्यावर आतला कॉन्टॅक्ट काळा, खड्डा पडलेला. वर्षानुवर्षं कमी व्होल्टेजवर थरथरणारा रिले असाच जळतो. अदलाबदल करताना रिलेच्या बॉडीवरची आकृती जुळते का ते बघा. नेहमीच्या चार पिनांत ८५-८६ कॉइल, ३०-८७ कॉन्टॅक्ट. एक जादा रिले ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्या. घूं ऐकू येत असेल, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर संशय इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर. तो तापला की मरतो आणि वीस-तीस मिनिटांनी थंड झाला की पुन्हा जिवंत होतो. ओल्या फडक्याने गार करून बघता येतं.

उतरताना एक्सलेटर सोडून क्लच दाबला की स्लो ५०० पर्यंत पडत होता. हे इलेक्ट्रिकचं नाही, थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातला) कार्बन आणि स्लो सांभाळणाऱ्या आयडल एअर व्हॉल्व्हची अडकलेली वाट. घाटात त्यावर उपाय एकच: गाडी दुसऱ्यातच ठेवा, क्लच दाबून घरंगळू नका. तरी बंद पडलीच तर ब्रेक दोन-तीन दाबांपुरता हलका राहतो, म्हणून पंप करू नका, एकदाच दाबून धरा. स्टीअरिंग जड होईल. चाबी लॉकपर्यंत मुळीच फिरवू नका, स्टीअरिंग अडकेल. वळण सुटेपर्यंत चाबी ऑनच राहू द्या.

परतल्यावर थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन कार्बन काढला. त्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरने स्लो नव्याने शिकावा म्हणून बॅटरीचा मायनस दहा मिनिटं सोडून ठेवला आणि जोडल्यावर एसी न लावता गाडी दहा मिनिटं स्लोवर चालू ठेवली. स्लो ८०० वर थांबला. एसी लावल्यावर क्षणभर खाली जाऊन ९०० वर आला.